मंगळवारच्या संगतीत बोललेलं

चर्चच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी प्रौढांची संगत भरायची. आधी बायबलमधला शास्त्रपाठ, मग त्यावर चर्चा आणि शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या. खरं तर बरेचजण या शेवटच्या भागासाठीच यायचे. कुणी सुनेच्या बाळंतपणासाठी प्रार्थना मागायचं, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. आणि अधूनमधून कुणीतरी घरातही न सांगितलेलं काहीतरी बोलून जायचं.

संगतीचा नियम एकच होता. इथलं बोलणं या खोलीबाहेर जायचं नाही. हा नियम सिद्धराम उजागरे सरांनी घालून दिला होता. सर निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ. काही वर्षांपूर्वी एका बाईने नवऱ्याच्या आजाराबद्दल संगतीत सांगितलं होतं. ती गोष्ट फिरत फिरत तिच्या सासरी पोचली आणि बाई माहेरी वळसंगला कायमची परतली. सर माफी मागायला तिच्या दारात जाऊन आले होते. आतून कुणी बाहेर आलं नाही. तेव्हापासून नियमाच्या बाबतीत सर कुणाचंही ऐकत नसत.

त्या मंगळवारी पाठ भीतीवर होता आणि तो घेत होती संगत चालवणारी सुकन्या रणदिवे. सुकन्या निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षं तिने भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढलेली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पाठ संपला, तिने विनंत्या विचारल्या आणि कधी न बोलणारा बिरुदेव उभा राहिला.

बिरुदेव मंगळवेढ्याकडचा. घरी मेंढरं होती, पण हा तरुणपणीच सोलापूरला आला, टॉवेलच्या कारखान्यात लागला, बॉयलरचं काम शिकला, त्याची परीक्षा देऊन सर्टिफिकेटही मिळवलं. मग दारू लागली. त्याची बायको सोनम त्याला ओढून संगतीत घेऊन आली तेव्हा तो कित्येक महिने नुसता भिंतीला टेकून बसायचा. हळूहळू दारू सुटली. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, नवं नाव हवंय का विचारलं, तर तो म्हणाला, आई बिरू म्हणून हाक मारती, तिला दुसरं नाव येणार न्हाय. म्हणून नाव तेच राहिलं.

"माजी एक विनंती हाय," तो म्हणाला. "आमच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मास्तरनं तारेनं आवळून टाकलाय."

खोलीतल्या कुणाला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्याने समजावून सांगितलं. वाफेचा दाब वाढला की तो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जास्तीची वाफ बाहेर टाकतो. यांचा व्हॉल्व्ह जुना झाला होता. दाब पुरेसा व्हायच्या आधीच उघडायचा, मग रंगाच्या टाक्यांना वाफ पुरायची नाही. मोठी ऑर्डर अंगावर होती. नवा येईपर्यंत चालवू म्हणून कारखान्यातलं काम बघणाऱ्या मास्तरने तो आवळला आणि पुढे नव्याचं कुणी नावच काढेना.

"आता दाबाच्या काट्यावर नजर ठिवून मीच हातानं वाफ सोडतो. रातच्या पाळीचा गडी नवा हाय, त्याचं ध्यान ऱ्हात न्हाय. भिंतीपल्याड शिलाईच्या पोरी बसत्यात. मला झोप लागंना झालीया. आन् झोप लागंना की प्यावंसं वाटतंय. तेवढ्यासाठी प्रार्थना करा. दुसरं काय न्हाय."

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी बिरुदेवाच्या झोपेसाठी आणि मोहातून सुटकेसाठी प्रार्थना केली. आमेन झाल्यावर चहा आला. बॉयलरबद्दल कुणी काही विचारलं नाही.

चहाचा कप हातात असताना सुकन्याला आठवलं, की दाक्षायणीची मुलगी पायल त्याच कारखान्यात शिलाई खात्यात लागली आहे. दाक्षायणी तेलुगू विणकरांच्या घरातली, संगतीतली जुनी बाई. मागच्याच आठवड्यात तिने पायलच्या नोकरीचे पेढे वाटले होते. आज ती तापामुळे आली नव्हती. तिची नेहमीची खुर्ची सुकन्याच्या अगदी शेजारी रिकामी होती.

सुकन्याने वाफेने भाजलेली माणसं पाहिली होती. आगीत होरपळलेल्याला निदान दुरून ओळखता येतं की याला भाजलंय. वाफेने भाजलेला माणूस आधी नुसता लाल दिसतो, बोलतो, पाणी मागतो, घरच्यांना वाटतं वाचला. तिने अशा घरच्यांची समजूत घातली होती. त्यांचे चेहरे तिला अजून आठवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नीलम नगरला बिरुदेवाच्या घरी गेली. तो कामाला निघायच्या तयारीत होता. तिला दारात पाहून त्याचा चेहरा उतरला. सोनम समोर असल्यामुळे ती त्याला कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली की हे मालकाला सांगायला हवं, नाहीतर सरकारी बॉयलर खात्याला कळवायला हवं.

बिरुदेवाने मान हलवली. मालकाला सगळं ठाऊक आहे, तो म्हणाला. आणि खात्याला कळवलं तर कुणी कळवलं हे त्यांना तासाभरात कळेल. मग त्याला काढून टाकतील आणि त्याच्या जागी सर्टिफिकेट नसलेला कुणीतरी बसवतील.

"मी हाय तवर निदान काट्याकडं बगतो तरी. मी गेलो की कोण बगंल?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, मी ते देवापुढं बोललो. तुमी हितं रस्त्यावर आणू नगा."

सुकन्या तिथून थेट चर्चमध्ये गेली. पाळकसाहेब कार्यालयात होते आणि उजागरे सरही रविवारच्या उपासनेचं काही ठरवायला आले होते. ती काय बोलणार हे सरांनी ओळखलं. ते म्हणाले, हा विषय मंगळवारी संगतीतच काढावा, बिरुदेवासमोर. त्याच्या माघारी त्यावर बोलणं म्हणजे नियम मोडण्याची सुरुवातच. सुकन्या म्हणाली, मंगळवारपर्यंत काही झालं तर?

"आजवर झालं नाही ते या पाच-सहा दिवसांत होईल असं का धरता?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तो माणूस आपल्याशी बोलला म्हणून दारूपासून लांब आहे. उद्या त्याला कळलं की इथंही बोलायची सोय नाही, तर तो कुठं जाईल हे तुम्हाला माहीत आहे. ते होणार हे मात्र नक्की."

सुकन्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते वयाने लहान होते, नव्यानेच या मंडळीत आलेले. टेबलावरची टाचणी फिरवत ते म्हणाले की मी तुम्हाला जा म्हणत नाही आणि जाऊ नका असंही म्हणत नाही. मी स्वतः बिरुदेवाशी बोलून बघतो. सुकन्याला त्यांचा राग आला. घरी जाताना तो राग हळूहळू स्वतःकडे वळला, कारण तीही गेली नव्हतीच. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दोनदा तिने पायलच्या आईला फोन लावला आणि उचलायच्या आधीच बंद केला. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की ती हातातलं काम टाकून गॅलरीत यायची.

रविवारी उपासनेला दाक्षायणी ताप उतरल्यावर आली आणि नेहमीसारखी सुकन्याच्या शेजारी बसली. गीतं म्हणताना तिचा आवाज जरा बसलेला होता. उपासना सुटल्यावर कडुनिंबाखाली उभ्या असताना ती कौतुकाने सांगू लागली की पायलला आता जादा तास बसवायलेत, हात चांगला बसलाय म्हणून मास्तर खूश आहे.

सुकन्याच्या तोंडून निघून गेलं, "तिला थोडे दिवस घरी ठेव, दाक्षायणी."

"का हो सिस्टर?"

"तब्येत सांभाळायला. लहान आहे अजून."

"तब्येत चांगली आहे की तिची." दाक्षायणीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही काय ऐकलाव का तिच्याबद्दल?"

सुकन्या गप्प राहिली. बोलावं तर नियम आणि बिरुदेव, न बोलावं तर ही समोर उभी. त्या गप्प राहण्याचा अर्थ दाक्षायणीने आपल्या परीने लावला. मुलीबद्दल कुणीतरी काहीतरी पसरवलंय, कारखान्यातल्या एखाद्या मुलाशी नाव जोडलंय, आणि सिस्टर ते आडून सांगतायत. तिचे डोळे भरून आले.

"माझी पोरगी तसली नाही," ती म्हणाली. "कोण काय बोलायलंय ते मला तोंडावर सांगा म्हणावं."

तसं काही नाही, असं सुकन्या दोनदा म्हणाली, पण मग काय आहे ते तिला सांगता येईना. दाक्षायणी पदर खांद्यावर ओढून फाटकाकडे निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी सुकन्याने ठरवलं. सोमवारी बॉयलर खात्याच्या कार्यालयात जाऊन तक्रार द्यायची. पण त्याआधी बिरुदेवाला सांगायचं. त्याच्या पाठीमागे जायचं नाही, एवढं तरी त्याचं देणं लागते असं तिला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत तो मोकळा असेल, असा तिने हिशेब केला. हाच हिशेब चुकीचा होता, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

कारखाना अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत. सोमवारी ती रिक्षातून उतरली तेव्हा ऊन कडक होतं आणि कामगार डबे घेऊन सावलीला पांगत होते. तिने वॉचमनला बिरुदेवाला बोलवायला सांगितलं. सिस्टर फाटकावर आल्यात एवढं ऐकून बिरुदेव जवळजवळ धावतच आला. त्याला वाटलं, ही आता तशीच ऑफिसात शिरणार.

तिने जास्त वेळ घेतला नाही. मी तक्रार द्यायला निघाले आहे, तुझं नाव सांगणार नाही, पण ते ओळखतील, म्हणून आधी तुला सांगायला आले, असं ती म्हणाली. बिरुदेवाने हात जोडले. मास्तरला आपण पुन्हा बोलतो म्हणाला, आठ दिवस द्या म्हणाला. ती नाही म्हणाली. शिलाईच्या मुली भिंतीपलीकडे बसतात हे तूच सांगितलंस, आता ते ऐकून मला गप्प बसता येत नाही, असंही म्हणाली.

बिरुदेवाने हात खाली सोडले.

"मग मी हितनं पुढं कुटं बोलू, सिस्टर?" त्याने विचारलं. "घरी बोललो तर सोनम रडती. दारूच्या गुत्त्यावर बोलायला लागायचो, ते सोडलं. एक तुमची खोली हुती."

तेवढ्यात त्याचा चेहरा एकदम बदलला. तो तिच्याकडे बघत नव्हता, मागे वळून कारखान्याकडे कान देत होता. तिला काहीच ऐकू आलं नाही. नंतर तिला कळलं की ती शांतताच धोक्याची खूण होती. रंगखात्यातली यंत्रं जेवणासाठी बंद झाली होती. टाक्यांनी वाफ घेणं थांबवलं होतं आणि भट्टी मात्र पेटलेलीच होती. रोज या वेळी बिरुदेव काट्यासमोरून हलत नसे. आपला डबाही तो सगळ्यांचं जेवण उरकल्यावर उघडायचा. आज तो फाटकावर उभा होता.

तो पळाला. सुकन्याही त्याच्या मागे गेली. वॉचमन ओरडत राहिला. अंगणातून, कापडाच्या गठ्ठ्यांमधून, पत्र्याच्या शेडपर्यंत ती कशी पोचली हे तिला पुढे सांगता आलं नाही. दारातच गरम हवेचा लोट अंगावर आला. आत बॉयलरच्या अंगातून घरघर येत होती आणि पायाखालची फरशी थरथरत होती. गोल तबकडीवरचा काटा तांबड्या खुणेच्या कितीतरी पुढे गेला होता.

"पोरींना भाईर काडा," बिरुदेव न वळताच म्हणाला.

सुकन्या शेजारच्या शेडमध्ये शिरली. जेवणाच्या सुट्टीतही बऱ्याच मुली मशिनींपाशीच डबे उघडून बसल्या होत्या. तिने वॉर्डातला आपला जुना आवाज काढला, तो आवाज ऐकून कुणी का म्हणून विचारत नसे. उठा, डबे ठेवा, फाटकाकडे चला. मुली उठल्या. पायल एकदम पुढे आली आणि म्हणाली, सिस्टर तुम्ही इथं? सुकन्याने तिचा दंड धरला आणि तिला दाराबाहेर ढकललं.

शेवटच्या मुली अंगणात पोचत होत्या तेव्हा वाफ सुटली. कान फाटतील अशी शिट्टी, आणि शेडच्या छपरावरून पांढरा लोट. मुली किंचाळत खाली बसल्या. शिट्टी थांबेचना. आत बिरुदेवाने वाफ सोडायचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडला होता आणि आता तो लांब आकड्याने भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढत होता. व्हॉल्व्हच्या जोडातून वाफेचा एक फवारा निसटून त्याच्या उजव्या हातावर बसला होता. त्याने आकडा डाव्या हातात घेतला आणि काम पुरं केलं. काटा खाली येऊ लागला, तेव्हाच तो बाहेर आला.

सुकन्याने त्याला पाण्याच्या हौदाच्या नळाखाली बसवलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली होती. कुणीतरी टूथपेस्ट आणली, कुणी हळद, तिने दोन्ही परत पाठवल्या आणि नळ चालू ठेवला. ती सारखी त्याच्या चेहऱ्याकडे आणि छातीकडे बघत होती, वाफ श्वासात गेली नाही ना म्हणून. गेली नव्हती. नळाचं पाणी वाहत होतं आणि तिच्या मनात एकच विचार होता, की मी आले नसते तर हा काट्यासमोर असता.

मालक आला तेव्हा त्यानेही नेमकं तेच म्हटलं. बाहेरची बाई परवानगीशिवाय आत शिरली, तिने माझ्या माणसाला कामावरून हलवलं, म्हणून हे झालं. बिरुदेवाला दवाखान्यात दाखल करून सुकन्या ओल्या साडीनेच बॉयलर खात्याच्या कार्यालयात गेली आणि तक्रार लिहून दिली. स्वतःचं नाव, पत्ता, सगळं.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक कारखान्यात गेले तेव्हा व्हॉल्व्हवर तार नव्हती. मास्तरने ती कापून टाकली होती. तार कधी नव्हतीच, असं त्याने सांगितलं. अटेंडंटच्या, म्हणजे बिरुदेवाच्या, हलगर्जीपणामुळे दाब वाढला, असं मालकाने लिहून दिलं. मग निरीक्षक बिरुदेवाचा जबाब घ्यायला दवाखान्यात आले. सुकन्या त्या वेळी त्याच्या खाटेजवळ होती. ती उठून बाहेर जाऊ लागली, तर बिरुदेव म्हणाला, बसा. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो काय सांगणार हे तिला माहीत नव्हतं आणि त्याला काही सांग म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असंही तिला वाटत नव्हतं.

निरीक्षकांनी विचारलं, तार होती का?

बिरुदेवाने पट्टी बांधलेला हात छातीवर घेतला.

"हुती," तो म्हणाला. "आवळताना पाना मीच धरला हुता, साहेब. मास्तरनं सांगितलं आन् मी धरला."

हे त्याने संगतीतही सांगितलं नव्हतं. निरीक्षक लिहीत राहिले. त्यांनी पुढे पुष्कळ विचारलं, तार कुठली, कुणी आणली, नवा व्हॉल्व्ह कितीदा मागितला, आणि बिरुदेवाने एकेक करून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या दिवशी त्याला खरोखरच झोप लागली. सोनम डबा घेऊन आली तरी तो उठला नाही.

बॉयलरला सील लागलं. नवा व्हॉल्व्ह, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत कारखाना बंद राहिला. कामगार घरी बसले, पायलही. बिरुदेवाला काढून टाकलं आणि त्याचं सर्टिफिकेट चौकशी होईपर्यंत अडकून राहिलं. बॉयलर काही फुटला नव्हता. त्यामुळे तो फुटला असता की नाही यावर कारखान्याच्या फाटकावर आणि चर्चच्या अंगणात रोज वाद व्हायचे.

दाक्षायणी एका सकाळी सुकन्याच्या घरी आली. सुकन्याने तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. पायलने तिला सगळं सांगितलं होतं, दंड धरून बाहेर ढकलल्यापर्यंत. सुकन्याला वाटलं होतं ही रडेल, कदाचित गळ्यात पडेल.

"तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं?" दाक्षायणीने विचारलं.

"हो."

"म्हणजे बुधवारी पायल गेली. गुरुवारी गेली, शनिवारी जादा तास बसली. मी डबा भरून देत होते. आणि तुम्हाला ठाऊक होतं."

सुकन्या म्हणाली, नियम होता. म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकवेना. दाक्षायणीने मान डोलावली, जणू एवढंच ऐकायला आली होती, आणि ती जिना उतरून गेली.

त्याच आठवड्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक झाली. उजागरे सरांनी कुणाला दोष दिला नाही. ते एवढंच म्हणाले की आता या खोलीत कुणी मनापासून बोलणार नाही. त्यांनी सुकन्याला विचारलं, पुन्हा अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल? सुकन्या म्हणाली, पुन्हा आली तर मी मंगळवारीच जाईन, बुधवारची वाट बघणार नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. मग संगत त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सुकन्याने ती दिली. पाळकसाहेबांनी बैठकीनंतर तिला गाठून, बिरुदेवाशी बोलायचं राहूनच गेलं म्हणून, माफी मागितली. त्यांचा आवाज खरा होता, पण माफी त्यांनी बिरुदेवाकडेही मागायला हवी, असं तिने त्यांना सांगितलं. ते गेलेही.

बिरुदेवाच्या हाताची पट्टी बदलायला सुकन्या रोज नीलम नगरला जायची. सुरुवातीला दोघं काही बोलत नसत. ती पाणी उकळून गार करायची, जुनी पट्टी भिजवून सोडवायची, तो दात आवळून बसायचा. एका संध्याकाळी पट्टी बांधून झाल्यावर तिने हात धुतले आणि ती निघाली, तेव्हा त्याने हाक मारली. सोनम बाहेर नळावर होती. काल गुत्त्याच्या दारापर्यंत गेलो होतो, असं त्याने सांगितलं. आत गेलो नाही, पण बराच वेळ उभा होतो.

सुकन्या म्हणाली, हे पाळकसाहेबांना सांग, ते रोज येतील तुझ्याकडे.

"त्येंना बी सांगंन," तो म्हणाला. "आदी तुमाला सांगितलं."

ती परत आत येऊन बसली.

जखम भरल्यावर बिरुदेवाला टेंभुर्णीच्या एका दूध संकलन केंद्रात काम मिळालं. बॉयलरचं नाही, टाक्या धुवायचं. मंगळवारी त्याला दरवेळी यायला जमायचं नाही. आला की भिंतीला टेकून बसायचा, पहिल्यासारखा. संगतीत माणसं कमी झाली होती. सर पाठ चांगला घ्यायचे, चर्चाही व्हायची, पण विनंत्यांची वेळ आली की सगळे पावसासाठी आणि देशासाठी प्रार्थना मागायचे. सुकन्या दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि कधी काही मागायची नाही.

दाक्षायणी बरेच आठवडे आली नाही. आली त्या दिवशी ती सुकन्यापासून लांब, खिडकीशी बसली. कारखाना तोवर सुरू झाला होता. सरांनी विनंत्या विचारल्या. कुणी बोलेना. एकाने आजारी चुलत्याचं नाव सांगितलं. सर प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात दाक्षायणी उभी राहिली.

तिने सांगितलं की पायलला मास्तरचा निरोप आलाय, नवा मास्तर आहे, कामावर ये म्हणालाय. पायल रोज डबा घेऊन निघते आणि फाटकापासून परत येते. घरात कुकरची शिट्टी झाली तरी तिचे हात थरथरतात. तिला आपण काय म्हणावं तेच कळत नाही. जा म्हणावं की नको म्हणावं.

"तिच्यासाठी प्रार्थना पाहिजे," ती म्हणाली. "सिस्टरनी करावी."

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. उजागरे सरांनी मात्र डोळे उघडेच ठेवले आणि सुकन्याकडे पाहिलं, मग हाताने तिला उठायची खूण केली. सुकन्या उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली. इतक्या वर्षांत प्रार्थनेला शब्द सापडले नाहीत असं तिला कधी झालं नव्हतं. भिंतीपाशी बिरुदेव डोळे मिटून बसला होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत तिने वाट पाहिली आणि मग ती पायलचं नाव घेऊन बोलू लागली.